काळी, पांढरी आणि युरिया: सिद्धेश्वरच्या पाण्यातला नत्राचा इतिहास

#थ्रेड

सिद्धेश्वर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोलापूरचे तळ्यातले मंदिर येते. आजचा थ्रेड त्या सिद्धेश्वराविषयी नाही. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर याच नावाचे एक धरण आहे. औंढ्याची शिल्पे पाहायला येणारे इतिहासप्रेमी मंदिराला प्रदक्षिणा घालून परततात. सहा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या मातीच्या भिंतीकडे फारसे कोणी वळत नाही. मीही दोनदा न वळताच परतले होते.

मागे बारवांवर लिहिलेल्या थ्रेडखाली एका वाचकाने विचारले होते: पूर्वी विहिरींचे पाणी शुद्ध असे, मग आता असे काय झाले? प्रश्न साधा वाटला म्हणून दोन ओळींत उत्तर द्यायला बसले. ते उत्तर शोधता शोधता तोफांची दारू, गावचा उकिरडा, जागतिक बँकेचे कर्ज आणि युरियाची गोणी असा प्रवास झाला. म्हणून हा लांबलेला थ्रेड. सवडीने वाचा.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात पूर्णा दोन आहेत. विदर्भातली पूर्णा तापीला मिळते. खारपाणपट्टा तिच्या खोऱ्यातला, आणि तिथले खारे पाणी ही मूळची भूगर्भीय गोष्ट आहे. आपली पूर्णा ती नव्हे. ही अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, जालना आणि बुलढाण्याच्या भागातून परभणी-हिंगोलीत उतरते आणि गोदावरीला मिळते. गोदावरी तिथून नांदेडकडे जाते. हा क्रम लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता मूळ गोष्ट. मराठी कागदपत्रे चाळणाऱ्यांना 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द परिचयाचे आहेत. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हद्दीचे तंटे, वतनाचे कज्जे, महजर, जिथे तिथे ही जोडी भेटते. पुढे पुढे तर पांढरी म्हणजे गावच, गावची सारी माणसे, असाही अर्थ रूढ झाला. आपण हे शब्द महसुली परिभाषा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण ते मातीचे वर्णनही आहे. वस्तीची माती खरोखर पांढुरकी असते.

ती तशी का होते? शेकडो वर्षे एकाच जागी चुलीची राख पडते, शेण पडते, मातीच्या भिंती ढासळतात आणि त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात, गुरे बांधली जातात, माणसांचे व जनावरांचे मलमूत्र मुरते. या सगळ्यात चुना असतो, स्फुरद असते आणि नत्र असते. पीक काळीत उभे राही. कणीस आणि कडबा मात्र पांढरीत येई. दर सुगीला काळीतले थोडे नत्र बैलगाडीत बसून गावात येत होते, असे म्हटले तरी चालेल.

परतीची वाट उकिरड्यावरून जाई. वर्षभर साचलेले शेण, गोठ्यातला केर, राख उन्हाळ्यात गाड्यांनी शेतात जात असे. पण जितके आले तितके परत जात नसे. सरपण नसलेल्या मुलखात शेणाच्या गोवऱ्या होत आणि गोवरी जळाली की तिच्यातले नत्र हवेत जाई. जॉन ऑगस्टस व्हॉल्कर या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: शेतकऱ्याला शेणाची किंमत कळत नाही असे नाही, त्याला जाळायला दुसरे काही मिळत नाही.

म्हणून काळी नेहमी उपाशी असे. ती भूक भागवण्यासाठी केवढी खटपट चाले ते आपल्या भाषेतच नोंदलेले आहे. जमीन पड टाकणे. ज्वारीत तुरीचे तास घालणे. हरभऱ्याचे 'बेवड' चांगले म्हणून पुढचे पीक त्यावर घेणे. धनगरांना धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवणे. आणि गावाजवळ एखादे ओसाड पांढरीचे टेकाड असेल तर त्याची माती खणून शेतात पसरणे. या शेवटच्या प्रथेने आपल्या पुरातत्त्वाचे अपरिमित नुकसान केले. सातवाहनकालीन किंवा त्याहून जुन्या वस्तीचे थर खताच्या गाडीत भरून गेले. एखाद्या टेकाडाच्या नष्ट झालेल्या थरांबद्दल आपण हळहळतो तेव्हा हेही आठवावे की ते थर नेणारा नत्राच्या शोधात होता, आणि त्याचा अंदाज अचूक होता.

(थोडे विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस हा शास्त्रज्ञ १९२० च्या दशकाच्या अखेरीस साखरेच्या बीटसाठी मातीतल्या स्फुरदाचे नकाशे काढत होता. जिथे स्फुरद अकारण जास्त निघाले, तिथे त्याला जुन्या वस्त्यांच्या जागा सापडल्या. पुरातत्त्वातली 'फॉस्फेट चाचणी' तिथून रुळली. आपला शेतकरी ती चाचणी केवळ रंग पाहून करत होता.)

पांढरीचे दुसरे गिऱ्हाईक होते सरकार. मातीच्या जुन्या भिंतीच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी पूड धरते; भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो. त्या क्षारांत नायट्रेट असते. जुन्या वस्तीची माती पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून आणि आटवून सोरा काढीत. सोरा, गंधक आणि कोळसा म्हणजे तोफेची दारू, आणि त्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा. बिहारचा सोरा डच आणि इंग्रज कंपन्या जहाजे भरभरून युरोपात नेत. फ्रान्समध्ये १७७५ पासून सरकारी दारूखात्याची धुरा ज्या मंडळींकडे होती त्यांत लाव्हाझिए होता, आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच. किल्ल्यांवरची दारूकोठारे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत साठवलेली शक्ती मुळात गोठ्यातून आली होती.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. आज ज्या नायट्रेटला आपण प्रदूषण म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत भिंती खरवडून मिळवावे लागे, इतके दुर्मीळ होते. गावाच्या अर्थकारणात त्याची दिशा ठरलेली होती: काळीतून पांढरीत, आणि उकिरड्यावरून थोडेसे परत काळीत.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग. पूर्वीचे पाणी शुद्ध होते का? गावठाणातल्या आडाच्या पाण्यात नायट्रेट नव्हते असे समजू नये. गोठा, उकिरडा आणि मोरी यांच्या शेजारी उथळ पाणी असेल तर नायट्रेट त्यात उतरतेच; लोणा जसा भिंतीत चढतो तसा तो खालीही जातो. शिवाय त्याच पाण्यात पटकीचे जंतू असत आणि पायऱ्यांच्या विहिरींत नारू असे. नारूच्या निर्मूलनासाठी १९८० च्या दशकात देशभर पायविहिरी बंद करण्याची किंवा त्यांना रहाट बसवण्याची मोहीम चालली, हातपंप आले, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. बारवांच्या सौंदर्यावर मीही लिहिते, पण त्यांच्या पायऱ्यांवर उभे राहून पाणी भरणाऱ्या बाईच्या पायातून नारू निघे, हे विसरून लिहिता येत नाही.

फरक इतकाच की तेव्हाचे नायट्रेट गावठाणापुरते असे. शेतातल्या विहिरीत ते फारसे उतरत नसे, कारण शेतात उतरण्याइतके नत्रच नव्हते.

ही दिशा उलटली कशी, त्याचा जागतिक भाग थोडक्यात सांगते, कारण तो बऱ्याच जणांना ठाऊक असतो. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभारला, १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि चिलीहून येणारा सोरा बंद पडलेल्या जर्मनीला याच अमोनियाने दारूगोळा पुरवला. शेत आणि तोफ यांची जुनी सोयरीक नव्या रूपात पुढे चालू राहिली. भारतात सिंद्रीचा सरकारी कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. मुंबईजवळ तुर्भ्याचा १९६५ मध्ये.

आणि याच सुमारास पूर्णेवर भिंती उभ्या राहत होत्या.

निजामाच्या राज्यात मंजिरा नदीवरचे निजामसागर १९३१ मध्ये पूर्ण झाले, पण तो तेलंगणाचा भाग. मराठवाड्याच्या वाट्याला तसे मोठे धरण आले नाही. परभणी जिल्हा (हिंगोली त्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला) म्हणजे ज्वारी आणि कापूस, तेही पावसावर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पूर्णा प्रकल्प या काळातला. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीचा साठा मोठा, सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि तिथे साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह. वीज करून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरला अडवायचे आणि तिथून कालव्यात घालायचे, अशी ही जोडी. १९६२ मध्ये या प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने १ कोटी ३० लाख डॉलरचे कर्ज दिले. ही संघटना म्हणजे जागतिक बँकेची सवलतीच्या दराने कर्ज देणारी शाखा, स्थापना १९६०. तिच्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी हे एक. १९६८ च्या सुमारास दोन्ही धरणे पूर्ण झाली. जायकवाडीचे लोकार्पण व्हायला अजून आठ वर्षे होती.

म्हणजे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात दोन पाहुणे जवळजवळ एकदमच आले: कालव्याचे पाणी आणि गोणीतले नत्र. एकट्या पाण्याने जे झाले नसते आणि एकट्या युरियाने जे झाले नसते, ते दोघांनी मिळून केले. खत पिकाला लागते पाण्यातून, आणि जमिनीखाली उतरतेही पाण्यातूनच.

थोडा हिशोब करू. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्राची शिफारस आहे. हळदीला २०० किलो. सुरू उसाला २५०, आडसाली उसाला ४००. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे आजच्या ४५ किलोंच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. ज्वारीला दोन गोण्यांत भागते. सुरू उसाला बारा लागतात. ही कागदावरची शिफारस झाली. हात सैल सुटला की गोण्या वाढतात. आणि सिद्धेश्वरच्या कालव्याखाली, वसमतच्या अंगाला, पीक ज्वारीकडून कुठे गेले ते सांगायला नकोच. ऊस, केळी, हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या लाभक्षेत्राने पाहिलेला हा मोठा बदल आहे, आणि तो वाईट होता असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसून थ्रेड लिहिणाऱ्या माझ्यासारखीला नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यापुढे तर नाहीच.

दुसरा हिशोब. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरा. एका गोणीतले नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन खत लागेल. बैलगाडीच्या आठ-दहा खेपा. ते खत गोळा करायला वर्ष, वाहायला आठवडा. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते अशी म्हण आहे. गोणी आल्यापासून त्याची दैना नव्याने सुरू झाली.

आता जमिनीत काय घडते ते पाहू. युरिया मातीत पडला की काही दिवसांत सूक्ष्मजीव त्याचा अमोनिया आणि मग नायट्रेट करतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाच्या मुळांनी उचलले तेवढे उचलले. दिलेल्या नत्रातले निम्म्याहून कमीच पिकाला लागते, असा जगभरचा ढोबळ अनुभव आहे. उरलेले काही हवेत जाते, काही ओढ्यात, काही खाली.

काळी माती घट्ट, तिच्यातून पाणी खाली जात नाही, मग नायट्रेट कसे जाईल, असा प्रश्न पडेल. दोन वाटा आहेत. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या जोरदार पावसाचे पाणी मातीत न मुरता थेट भेगांतून खाली उतरते. शिवाय सगळीकडे काळी खोल नसते. हातभर मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली भेगाळलेला बेसाल्ट, आणि विहिरीचे पाणी असते ते याच मुरमात आणि खडकाच्या भेगांत. वाळूसारखा गाळणारा थर मध्ये नाही. शेतातून निघालेले पाणी शेजारच्या विहिरीत पोहोचायला फार काळ लागत नाही. जिथे पाणी साचून माती गुदमरते तिथे मात्र जीवाणू बरेचसे नायट्रेट पुन्हा वायूत बदलतात. म्हणूनच एका विहिरीत भरपूर आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसरीत जेमतेम, असे चित्र दिसते.

कालव्याने यात आणखी एक गोष्ट केली. गळतीने विहिरी भरल्या. पाणी वर आले तसे ते पंपाने उपसून उसाला, उसाच्या सरीतून पुन्हा खाली, पुन्हा पंपाने वर. दर फेरीत थोडे थोडे नायट्रेट सोबत.

स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीला चिकटून राहते, म्हणून विहिरीत कमी आणि नदीत जास्त. माती वाहून गेली की ते तिच्याबरोबर जाते आणि धरणाच्या संथ पाण्यात शेवाळाला व जलपर्णीला पोसते. उजनीच्या हिरव्या पाण्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली असतील. तिथे पुण्या-पिंपरीचे सांडपाणी मुख्य आहे, पण शेतातला निचराही त्यात आहे. येलदरी-सिद्धेश्वरच्या वर तेवढे मोठे शहर नाही, त्यामुळे इथे शेताचा वाटा डोळ्यांआड करता येत नाही. हे पाणी केवळ उसाचे नाही. हिंगोली शहर सिद्धेश्वरचेच पाणी पिते.

नायट्रेट माणसाला काय करते, ही गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सुरू होते. हंटर कॉम्ली या डॉक्टरने १९४५ मध्ये निळ्या पडणाऱ्या तान्ह्या बाळांविषयी निबंध लिहिला. बाळांना हृदयविकार नव्हता. त्यांचे वरचे दूध शेतघराच्या विहिरीच्या पाण्यात कालवले जात होते. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, आणि काही महिन्यांच्या बाळात हे झटपट घडते. आईच्या दुधावरचे बाळ सुरक्षित राहते. आज आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही जी मर्यादा आहे, तिचे मूळ या बाळांपर्यंत जाते. भारतीय मानकाने १९९१ मध्ये दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत सूट ठेवली होती. २०१२ च्या मानकात ती नाही.

या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून ते जात नाही. उकळले तर पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. पटकी-नारूच्या शतकाने आपल्याला दिलेली पाणी शुद्ध करण्याची सारी घरगुती शहाणीव इथे निरुपयोगी ठरते. आजीने बाळासाठी मुद्दाम उकळून ठेवलेले पाणी हेच जास्त घातक, असा हा उफराटा न्याय आहे.

कालवा आणि ऊस एकत्र आले की जमिनीचे काय होते, हे सरकारला आधी ठाऊक नव्हते का? काही अंशी होते. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत तिथल्या जमिनी चिबड होऊ लागल्या, खार फुटू लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे पूर्णेची पायाभरणी होण्याच्या अर्धशतक आधीचा अनुभव दप्तरात होता. पण तो होता मिठाचा. खार डोळ्यांना दिसतो, पीक जळते, सारा बुडतो. म्हणून त्याची नोंद होते. नायट्रेटने पीक जळत नाही. उलट विहिरीच्या पाण्यावर ऊस जास्तच हिरवा दिसतो. महसुलाचे नुकसान न करणाऱ्या गोष्टी महसुली दप्तरात सापडत नाहीत, हे आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

मग धोरणाचा भाग. १९७७ पासून खतकारखान्यांना उत्पादनखर्च भरून देणारी अनुदानाची पद्धत आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश यांच्या खतांवरील नियंत्रण उठवले गेले, युरियावर मात्र राहिले. स्फुरद-पालाश महागले, युरिया स्वस्तच राहिला. देशातले नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. एका वर्षात कोट्यवधी शेतकऱ्यांची अक्कल बिघडत नाही. किंमत बदलली की हात बदलतो. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया बाहेर ठेवला गेला. २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले आणि २०१८ मध्ये गोणी ५० किलोंवरून ४५ ची झाली, या आशेने की शेतकरी गोण्या मोजतो, किलो नव्हे. शेतकऱ्याला युरियाचा हव्यास आहे असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा क्रमाने वाचावी.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला नदीचा क्रम. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ चा भूजल-गुणवत्ता अहवाल प्रसिद्ध केला. देशभरच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट ४५ च्या वर होते. महाराष्ट्रात जवळजवळ ३६ टक्क्यांत. देशातल्या ज्या १५ जिल्ह्यांची स्थिती सर्वांत चिंताजनक म्हणून नमूद झाली, त्यांत महाराष्ट्राचे सात: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. नकाशा उघडून पाहा. पूर्णा बुलढाण्यातून येते आणि तिचे पाणी गोदावरीतून नांदेडला जाते. सिद्धेश्वर या दोघांच्या मध्ये आहे.

हे सगळे नायट्रेट खताचेच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. शोषखड्डे, गोठे, गावची गटारे यांचाही त्यात वाटा आहे. म्हणजे पांढरीचे जुने नायट्रेट संपलेले नाही. त्याच्या शेजारी काळीचे नवे नायट्रेट उभे राहिले आहे. गावठाणातला आड आणि शेतातली विहीर यांतला जुना भेद पुसला गेला, हीच या साठ वर्षांतली खरी घटना आहे. पूर्वी काळीतून पांढरीत येणारे नत्र आता कारखान्यातून काळीत येते आणि काळीतून पाण्यात जाते. भिंती खरवडून सोरा गोळा करणाऱ्याला हे सांगितले असते तर त्याने विश्वास ठेवला नसता.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझी खरी अडचण पुढे आहे. ही घटना लिहायची कशावरून? १९६८ मध्ये कालव्याखालच्या विहिरींत किती नायट्रेट होते, याचा आकडा असता तर अर्धे काम झाले असते. तो नसेल तर आडवाटेने जावे लागते. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आहे. धरणाआधीची शेते त्यात दिसतात. त्यानंतर सातबारा. त्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, सिंचनाच्या साधनासह. एका गावाचे हे कागद दर दहा वर्षांच्या अंतराने मांडले तर ज्वारीचे क्षेत्र कधी आटले आणि ऊस-हळद कधी चढली ते गट क्रमांकानिशी कळते. प्रत्येक पिकाची नत्राची शिफारस ठाऊक आहे. म्हणजे कोणत्या दशकात कोणत्या विहिरीभोवती किती नत्र पडले असावे याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पण पायावर उभा असलेला. तलाठ्याच्या दप्तराचा असा उपयोग होईल असे मलाही पूर्वी वाटले नव्हते.

दुसरा स्रोत आपल्या हातात आहे आणि तो झपाट्याने नष्ट होतो आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे आणि ग्रामपंचायतींकडून पिण्याच्या पाण्याचे नमुने वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत जातात. त्यांचे अहवाल गावाला परत येतात: एक कागद, त्यावर टंचनिका, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट. सिद्धेश्वरच्या कालव्याखालच्या एका गावात मी असे जुने अहवाल मागितले. कपाट उघडून दाखवले, सौजन्याने चहाही दिला. मागच्या दोन वर्षांचे कागद होते. त्याआधीचे, नव्या इमारतीत जाताना, रद्दीत गेले होते.

ज्यांचे गाव येलदरी-सिद्धेश्वरच्या लाभक्षेत्रात आहे, किंवा वरच्या सात जिल्ह्यांपैकी कुठे आहे, त्यांना एक विनंती. ग्रामपंचायतीत, शाळेत, जलसुरक्षकाकडे, कोणाच्या घरच्या फडताळात पाणी तपासणीचे जुने अहवाल असतील तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि या थ्रेडखाली जोडा. तारीख, विहिरीची जागा आणि नायट्रेटची ओळ वाचता आली म्हणजे पुरे. व्यक्तींची नावे दिसत असतील तर झाका. १९९९ च्या आधीचे, वर 'जिल्हा परभणी' असे छापलेले कागद सापडले तर ते मला सर्वांत आधी पाहायचे आहेत.